बाजेखालची शेगडी

पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम कोणी दगडावर कोरून ठेवलेला नाही. पण बालाघाटच्या फाटकटोलीत तो मोडायची कोणाची छाती नव्हती, आणि शेवंताबाईची तर मुळीच नव्हती. तिची एकुलती एक लेक सरिता रामपायलीला दिली होती. दिवस भरत आले तशी शेवंताबाई स्वतः तिला आणायला गेली. सरिताची सासू म्हणाली, "इथंच राहू द्या ना बाई तिले. चहूकडे धानाच्या बांध्या हायेत, मोकळी हवा हाय. दाई बी घरचीच."

ती बिचारी मनापासून बोलली होती. शेवंताबाईला मात्र तो टोमणा वाटला. "काहून? माह्या घरी का लेकीले जागा नाही?" असं म्हणून तिने लेकीला बसमध्ये बसवलं आणि मान ताठ ठेवून घेऊन आली. बैलगाडीला पूर्वी अख्खा दिवस खाणारी वाट बघता बघता संपली, म्हणून वाटेत ती मनातल्या मनात मोटारीला दुवाही देत होती. बस फाटकाजवळ थांबली तेव्हा तिच्या बुडातला काळा धूर भसकन शेवंताबाईच्याच दारात शिरला. ते काही तिने त्या दिवशी मनावर घेतलं नाही.

फाटकटोली ही रेल्वेच्या छोट्या लाइनीला लागून असलेली वस्ती. नागपूरला जाऊन धम्माची दीक्षा घेऊन आलेली कुटुंबं, बहुतेक घरचे पुरुष भाताच्या गिरण्यांत हमाली करणारे. शेवंताबाईचा नवरा टिकाराम त्यातलाच एक. वस्तीसमोरच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी कडुलिंब होते, आणि रस्ता एवढा निवांत की बाया त्यावर धान वाळत घालायच्या. पुढे मोटारी वाढल्या. खाणीतलं मँगनीज एका ठेकेदाराच्या ट्रकांतून रेल्वेच्या मालधक्क्यावर येऊ लागलं. त्या ट्रकांसाठी गावाबाहेरून, माळावरून नवा रस्ता काढायचं ठरलं होतं. माणसं येऊन माळावर चुन्याच्या रेघाही मारून गेली होती. पण तो माळ होता नगर सुधार समितीचे अध्यक्ष दुलीचंद शेठ आणि त्यांचे मेहुणे यांच्या मालकीचा, आणि तिथे बंगल्यांची कॉलनी निघायची होती. ट्रकांच्या धुरात बंगला कोण बांधील? तेव्हा चुन्याच्या रेघा पुसल्या गेल्या आणि ट्रक फाटकटोलीतून धावू लागले. बाजारातल्या दुकानदारांना गोंगाट सोसवेना म्हणून बसस्टँडही तिथून उचलून फाटकाजवळ आणून टाकला. रस्ता रुंद करायला कडुलिंब तोडले. शेठच्या समितीत या सगळ्याला सुधारणा म्हणत. सुधारणा कोणाची, हे विचारायला त्या समितीत फाटकटोलीचं कोणी नव्हतंच.

हवा सगळ्यांची असते म्हणतात. म्हणणाऱ्यांनी फाटकटोलीत येऊन एक हिवाळा काढावा.

खरा घात केला तो रेल्वेच्या फाटकाने. गाडी यायची असो की मालडबे मागेपुढे करायचे असोत, फाटक एकदा पडलं की उठायचं नाव घेत नसे. तोवर ट्रक आणि बसची रांग शेवंताबाईच्या दारापासून पार वळणापर्यंत लागायची, आणि एकाही गाडीचं इंजिन बंद व्हायचं नाही. ट्रक होते जुन्या लढाईत वापरून पलटणीने निकालात काढलेले. त्यांच्या बॅटऱ्या कधीच्या मेलेल्या. एकदा इंजिन बंद केलं, की समोरून हँडल घालायचं, हँडलला दोर बांधायचा, चार जणांनी तो खेचायचा, तेव्हा कुठे ते पुन्हा सुरू व्हायचं. मग बंद करतो कोण? सुखराम नावाचा एक ड्रायव्हर होता, लालबर्र्याकडचा, माणूस भला. शेवंताबाईने त्याला एकदा झापलं तर तो खाली उतरून हात जोडत म्हणाला, "मावशी, बंद कराले मले का होते? पन मंग चालू कोन करन? ठेकेदार त एकच क्लीनर देते."

त्याचंही खोटं नव्हतं. सगळ्यांचंच काही ना काही खरं होतं, आणि धूर तेवढा फाटकटोलीचा होता.

चीनच्या लढाईचा तो हिवाळा. पौषाच्या कडाक्यात सरिताला मुलगी झाली. शेवंताबाईने रीतीप्रमाणे सगळं केलं. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून मायलेकींना धुरी दिली. तिच्या आईने तिला असंच शेकलं होतं आणि आजीने आईला. पण आजीच्या वेळी दारात ट्रक उभे राहत नव्हते. थंडीच्या दिवसांत बाहेरचा धूर वर जायचाच नाही. तो अंगणात बसायचा, उंबरा ओलांडायचा, घरात येऊन अंथरुणा-पांघरुणात मुरायचा. ट्रकांतून सांडलेल्या मालाची काळी भुकटी बाळाच्या दुपट्यावर पडायची. सकाळी त्या चिमुकल्या नाकपुड्या पुसल्या की कापूस काळा व्हायचा. पोर दूध ओढता ओढता थांबायची, खोकायची, ओठ निळे पडायचे आणि मग कितीतरी वेळाने रडू फुटायचं. त्या मधल्या वेळात शेवंताबाईचाच जीव जायचा नि यायचा.

धूर आत येऊ नये म्हणून तिने खिडकीला बारदान ठोकलं, दाराला गोधडी लावली. झालं भलतंच. बाहेरचा यायचा तो फटींतून आलाच, आणि शेगडीचा होता तो आत कोंडला. बाळ आणखी घाबरं झालं. तेव्हा शेवंताबाई पोरीला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरने छाती तपासली आणि सांगितलं, "धुरापासून दूर ठेवा. घरातला असो, बाहेरचा असो."

"घरचा मी बंद करतो, डॉक्टरसाहेब," शेवंताबाई म्हणाली. "बाहेरचा कोन बंद करन?"

डॉक्टर भला होता. त्याने खोटा धीर दिला नाही, पुढच्या रोग्याला हाक मारली.

बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी विझवायला काळीज लागतं. शेवंताबाईने ती विझवली आणि कोपऱ्यात सरकवून ठेवली. खिडकीचं बारदानही काढलं. रात्रीच्या गारठ्यात सरिता कुडकुडायची. शेजारची मैनाबाई येऊन बोल लावून गेली, "लेकीले थंडी बाधली त जलमभर कंबर धरून बसन थे." शेवंताबाईने ऐकून घेतलं. शेगडी गेली, धुरी गेली, चूलसुद्धा तिने मागच्या पडवीत नेली. खोकला जागचा हलला नाही. फाटक पडलं की खोकला, फाटक उठलं की थोडा आराम. आंधळ्यालाही दिसावं असं ते होतं.

वस्तीने समितीला अर्ज केला होता. कितीतरी दिवसांनी दुलीचंद शेठ पाहणीला आले, तेही फाटक उघडं असताना, रस्ता मोकळा असताना. मोटारीतून उतरले, नाकाला रुमाल लावला आणि समोर पडलं ते शेवंताबाईचं घर म्हणून दारातूनच आत डोकावले. बाजेवर सरिता, कुशीत बाळ, आणि कोपऱ्यात ती शेगडी. शेठना पाहिजे ते मिळालं.

"यह देखो!" ते सोबतच्या माणसांना म्हणाले. "घर में खुद अंगीठी जलाते हैं और दोष देते हैं ट्रकों को. पहले अपना घर सुधारो, बाई."

"थे विझली हाय, शेठ," शेवंताबाई म्हणाली. "हात लावून पाहा. कवाची थंडी हाय."

शेठ कशाला हात लावतात! ते रुमालाआडून म्हणाले, "देश पर लड़ाई आई है. लोहे के लिए मैंगनीज चाहिए. देश के लिए थोड़ा धुआँ सह लो." आणि मोटारीत बसून निघून गेले.

शेवंताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देशासाठी धूर सोसायचा तर तो फाटकटोलीनेच का? देश काय माळावरच्या कॉलनीचा नव्हता? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आणि संन्याशाने निदान काही केलेलं नसतं. हिने तर धूर टाळायला पोटच्या लेकीला थंडीत काकडत ठेवलं होतं, तरी धूर तिचाच ठरला. त्या रात्री टिकाराम म्हणाला, "मोठ्या लोकायच्या नादी लागू नोको वो." पण तिचं ठरलं होतं.

सकाळी तिने घमेल्यात शेगडी ठेवली, वर कोळसे आणि ओव्या-शेप्याची पुडी ठेवली, घमेलं डोक्यावर घेतलं आणि सरिताला म्हणाली, "ऊठ. पोट्टीले घे. शेठच्या घरी जायचं हाय."

सव्वा महिना पुरा व्हायच्या आत बाळंतीण उंबऱ्याबाहेर काढायची नाही, हीही एक रीत. टिकाराम आडवा आला. पण सरिता आईच्याही आधी उठली होती. बाळाला शालीत गुंडाळून ती बाहेर पडली, आणि तमाशा बघायला म्हणा की सोबतीला म्हणा, मैनाबाईही निघाली.

माळावर अजून बंगले थोडेच होते. पहिला दुलीचंद शेठचा. समोर लांबरुंद ओसरी, पांढरी फरशी, आणि माळावरून सारखा येणारा स्वच्छ, गार वारा. पूर्वीच्या काळी असल्या ओसरीखाली उभं राहून बोलायचं, हे शेवंताबाईच्या आईने आयुष्यभर केलं होतं. दीक्षा घेतल्यापासून शेवंताबाईने ते सोडलं होतं. ती सरळ पायऱ्या चढली. दोन खांबांना जुनं लुगडं बांधून तिने झोळी केली, बाळाला तीत निजवलं, खाली शेगडी पेटवली आणि निखाऱ्यांवर मूठभर शेपा टाकला. धूर निघाला तसे शेठ वर्तमानपत्र हातात घेऊन बाहेर आले.

"यह क्या तमाशा है?"

"तमाशा नाही, शेठ. तुमी म्हनले ना, दोष शेगडीचा हाय? हे शेगडी. हा धूर. आन हे माही नात. बसा, पाहा."

शेठचा आवाज चढला. त्यांनी नोकराला हाक मारली. पण तेवढ्यात शेठाणी दारात येऊन उभी राहिली आणि झोळीत डोकावून म्हणाली, "रहने दो जी. बच्ची सो रही है."

आणि खरंच, बाळ झोपलं होतं. शेगडी खाली धुमसत होती, पण वारा धूर टिकू देत नव्हता, माळावर उधळून लावत होता. शेगडीचा धूर काही औषध नव्हे, हे शेवंताबाईला आता कळून चुकलं होतं. पण मोकळ्या वाऱ्यात तो किती चिल्लर आहे हेही दिसत होतं. पोरीची छाती संथ वरखाली होत होती. ओठ लाल होते. फाटकटोलीत इतका वेळ ती एकदाही सलग झोपली नव्हती. शेवंताबाई, सरिता, मैनाबाई, शेठाणी, सगळ्या जणी त्या झोळीकडे बघत राहिल्या. खोकला आला नाही.

"अब बोलो, शेठ," शेवंताबाई म्हणाली.

दुलीचंद शेठ वर्तमानपत्राची घडी घालीत म्हणाले, "तो बच्ची को गाँव भेज दो. शहर में रखने की ज़बरदस्ती किसने की?"

"गावाले काहून?" शेवंताबाईचा आवाज आता पार बदलला. "हा रस्ता तुमच्या दारातून जायचा होता. या माळावर चुन्याच्या रेघा म्या माह्या डोयानं पायल्या. तुमी थो रस्ता उचलून माह्या दारात टाकला. तुमचे बंगले झाले, बाजारवाले शांत झाले. आन जायचं कोनं? माह्या नातीनं? अजून तिचं नाव बी नाही ठेवलं, शेठ! तिनं तुमचं का बिघडवलं?"

"रास्ता जो बना, सो बना," एवढं पुटपुटून शेठ आत गेले आणि दार लागलं. शेठाणी क्षणभर घुटमळली, मग तीही गेली.

शेवंताबाईला वाटलं, तोंड बंद केलं की नाही! आपलं खरं झालं, भर ओसरीवर खरं झालं. त्या उभारीत ती लेकीकडे वळली आणि थबकली. सरिता झोळीची कड धरून मुकाट रडत होती.

"माय," ती म्हणाली, "माही पोट्टी आज पयल्यांदा पोटभर झोपली."

"मंग रडतं काहून?"

"मले रामपायलीले जाऊ दे."

"अवो, सव्वा महिना तरी होऊ दे! लोक का म्हनतीन? सासू का म्हनन तुही?"

"सव्वा महिना थे जगली पायजे ना, माय."

शेठला धडा शिकवायला शेवंताबाई शेगडी घेऊन आली होती. शेठ काही शिकला नाही. शिकली ती तिची लेक. शेठ म्हणाला होता तेच, गावाला पाठवा, आणि आता तेच लेकीच्या तोंडून येत होतं. याची चीड तिला आली, शेठची आली, रस्त्याची आली, लेकीच्या सासूचं न ऐकणाऱ्या आपल्या ताठ मानेची तर सगळ्यात जास्त आली. तिने झोळी सोडली. बाळ शालीत घेतलं. शेगडीतले निखारे शेठच्या फरशीवर ओतून द्यावेत असं फार मनात आलं, पण तिने ते ओतले नाहीत.

निरोप गेला आणि जावई चैतराम रेंगी घेऊन आला. हलकी, वर तट्ट्याची सावली केलेली बैलगाडी. बसने न्यायचं त्यानेच नको म्हटलं होतं. "मामी, वारासिवनीले आत्याकडे मुक्काम करतो, दुसऱ्या दिशी घरी पोचतो," तो म्हणाला. सासरच्यांनी टोमणा मारला असता तर शेवंताबाईला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. चैतरामने खाली पाहत सरिताचं गाठोडं गाडीत ठेवलं. शेवंताबाईने लेकीची ओटी भरली.

सरिता गाडीत बसली आणि फाटक पडलं.

बघता बघता ट्रक आणि बसची रांग वळणापर्यंत गेली. रेंगीला त्याच रांगेच्या कडेने वळण गाठायचं होतं. सगळी इंजिनं घरघरत होती, धूर रस्त्यावर बसत होता. शालीतून खोकला ऐकू आला, मग ऐकू यायचा थांबला, आणि सरिता किंचाळली, "माय!" चैतरामने बैल थांबवले. बाळाला कसंबसं रडू फुटलं तेव्हा तो म्हणाला, "रांग जाऊ द्या, मंग निघू."

"हे रांग जात नसते, जावईबापू," शेवंताबाई म्हणाली. "हे गेली की दुसरी येते."

ती घरात गेली. चुलीतले लाल निखारे शेगडीत भरले, दोन्ही हातांनी शेगडी उचलली आणि रस्त्याच्या मधोमध, रांगेतल्या पहिल्या ट्रकच्या तोंडासमोर आणून ठेवली. ट्रक सुखरामचा होता. तो दारातून अर्धा बाहेर लोंबकळत ओरडला, "मावशी! पेट्रोलची गाडी हाय! भडका उडन!"

"म्हनूनच ठेवली. इंजिन बंद कर."

"आन चालू कोन करन?"

"आमी करू. दोर काढून ठेव. पयले तुहा धूर विझव, मंग माहा उचलतो."

सुखरामने तिच्याकडे पाहिलं, गाडीतल्या सरिताकडे पाहिलं, आणि किल्ली फिरवली. ट्रक हादरून गप्प झाला. मागचा ड्रायव्हर शिवी देत हॉर्न वाजवू लागला. तेव्हा मैनाबाई आपल्या घरात पळाली आणि स्वतःची शेगडी घेऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिली. मग तिसऱ्या घरातून एक बाई निघाली, मग आणखी एक. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि फाटकटोलीत प्रत्येक घरात कोणी ना कोणी खोकणारं होतंच. एकेक इंजिन बंद होत गेलं, शेवटी बसचंही. रस्त्यावर इतकी शांतता झाली की बैलांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू आली. कडुलिंब तोडल्यापासून ती कोणी ऐकली नव्हती.

"हाका आता," शेवंताबाई म्हणाली.

रेंगी निघाली. उभ्या ट्रकांच्या कडेने, शेगड्या घेतलेल्या बायांच्या समोरून ती हळूहळू पुढे गेली. सरिताने शालीची कड जरा बाजूला केली. बाळ खोकलं नाही. शेवंताबाई एवढंच बघत होती. माहेरी राहताना नातीला जी हवा मिळाली नाही ती माहेर सोडताना तरी मिळाली, आणि तीही अशी दांडगाईने मिळवावी लागली.

फाटक उघडलं. मागे कुठेतरी एक बसवाला आरडू लागला. सुखराम खाली उतरून अजिजीने म्हणाला, "मावशी, उचला ना आता. फाटक उघडलं."

"थांब. गाडी वळनाआड जाऊ दे."

गाडी वळणाआड गेली. तेव्हा तिने शेगडी बाजूला घेतली, पदर खोचला आणि शब्द दिला होता म्हणून हँडलचा दोर धरला. बायाही तिच्या मागे दोराला लागल्या, ट्रक सुरू झाला, आणि त्याचा पहिला भपकारा शेवंताबाईच्या तोंडावर आला. डोळे पुसायचं निमित्त तिला त्याने दिलं.

मैनाबाई धापा टाकत म्हणाली, "पुना फाटक पडन तवा शेगडी कोनाची?"

"माहीच," शेवंताबाई म्हणाली. "आता बाजेखाली ठेवाले कोन हाय?"